ब्रेकमधून परत आलेली वीज आणि मुळात न खर्चलेली वीज

इलेक्ट्रिक बसच्या चालकाने वेग कमी केला की समोरच्या स्क्रीनवर बॅटरीत वीज परत येताना दिसते. याला रीजन म्हणतात. ते पाहून जितकं रीजन जास्त तितकी बचत जास्त, असं वाटू लागतं. हा समज मोडायलाच हवा, कारण त्यातून नेमकं उधळं ड्रायव्हिंग चांगलं ठरतं.

रीजनमध्ये चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनित्राचं काम करते आणि बस मंदावते. कोस्टिंगमध्ये मोटर ओढतही नाही आणि रोखतही नाही. आधी घेतलेल्या वेगावरच बस पुढे जात राहते. दोन्हींत चालक वेग वाढवत नसतो, म्हणून गल्लत होते. त्यात बऱ्याच ई-बसमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलला की लगेच रीजन सुरू होतं. कोस्टिंग हवं असेल तर पेडल किंचित दाबून पॉवरचा काटा शून्यावर धरावा लागतो. हे सांगितल्याशिवाय कुणाला आपोआप कळत नाही.

आता हिशेब. प्रवाशांसकट 16 टनांची बस ताशी 40 किलोमीटर वेगाने जाते, तेव्हा तिच्यात सुमारे 0.27 युनिट ऊर्जा साठलेली असते. 50 च्या वेगाला तीच 0.43 युनिट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. बॅटरीतून चाकापर्यंत जाताना आणि चाकाकडून परत येताना प्रत्येक वेळी 20 टक्के वाया जाते असं धरू, आणि सोयीसाठी रस्त्याचा व हवेचा विरोध सोडून देऊ. 40 पर्यंत जाऊन थांबणाऱ्या चालकाने बॅटरीतून 0.34 युनिट घेतले आणि 0.22 परत दिले, खर्च 0.12. दोन थांब्यांमध्ये 50 गाठणाऱ्याने 0.54 घेतले, 0.34 परत दिले, खर्च सुमारे 0.19. रीजनचा आकडा दुसऱ्याचा मोठा, आणि वीजही त्यानेच जास्त जाळली.

पुण्यात 2019 पासून पीएमपीच्या ई-बस धावतात. थोड्या थोड्या अंतरावर थांबे आणि सिग्नल असलेल्या शहरी मार्गावर हा फरक दिवसभर साचत जातो. अशी बस सपाट रस्त्यावर नुसती कोस्टिंगवर सोडून दिली तर 40 वरून 30 वर यायला ढोबळमानाने 300 मीटर घेते. पुढचा सिग्नल लाल दिसतोय, तरी तिथपर्यंत वेग टिकवून शेवटी ब्रेक मारायचा, यापेक्षा आधीच कोस्टिंगवर सोडून देणं केव्हाही स्वस्त.

थांबायचंच असेल तेव्हा मात्र रीजनसारखं दुसरं काही नाही, फक्त ते हळू घ्यावं. 40 वरून साडेचार सेकंदांत बस थांबवायची तर सुरुवातीला जवळपास 440 किलोवॅट शक्ती शोषावी लागते. मोटरची क्षमता साधारण 200 च्या आसपास असते. उरलेलं काम एअर ब्रेक करतो आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. अकरा सेकंद घेतले तर गरज 180 किलोवॅटच्या आत राहते आणि मोटरच बहुतेक काम निभावते. उभ्या प्रवाशांचे हालही वाचतात.

घाटात गणित पूर्ण बदलतं. ई-शिवनेरी 2023 पासून मुंबई-पुणे मार्गावर आहे. बोरघाटासारख्या उतारावर 500 मीटर खाली येताना 16 टनांची बस जवळपास 22 युनिट ऊर्जा मोकळी करते. त्यातली काही रस्ता आणि हवा खातात, पण बराच भाग बॅटरीत घेता येतो. इथे कोस्टिंग करू नये, आणि गाडी न्यूट्रलमध्ये तर कधीच टाकू नये: रीजन जातं, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी दगा देऊ शकतात. आणखी एक गोष्ट चालकाला माहीत असायलाच हवी. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर तिला वीज घेता येत नाही आणि रीजन आपोआप कमी होतं. म्हणून घाटमाथ्यावर शंभर टक्के चार्ज करून लगेच उतरणं बरं नव्हे.

डेपोत चालकांची तुलना करायची असेल तर रीजनचे युनिट मोजू नयेत. किलोमीटरमागे बॅटरीतून एकूण किती वीज गेली तेच पाहावं, तेही एकाच मार्गावर, एकाच वेळेच्या फेऱ्यांत. नाहीतर दुपारच्या एसीचा आणि गर्दीचा खर्च चालकाच्या नावावर लागतो.