ख्रिस्ती समस्याप्रधान कथासाहित्य (सोलापूरच्या संदर्भात)

ख्रिस्ती समस्याप्रधान कथासाहित्य : वैधव्य, जात, दारू, उपासमार, मोडलेले संसार अशा सामाजिक व नैतिक प्रश्नांना ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने भिडणाऱ्या कथा-कादंबऱ्या. प्रचाराच्या गोष्टीत उत्तर आधी ठरलेले असते आणि प्रश्न त्याच्या मापाने बेतला जातो. समस्याप्रधान गोष्टीत पात्राला शेवटपर्यंत खरोखरच काहीतरी गमवावे लागते. मराठीत या दोन्ही प्रवृत्ती पुष्कळदा एकाच पुस्तकात नांदतात. त्यांच्या ओढाताणीतच या साहित्याचा जीव आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जगात ठिकठिकाणी धर्मभावनेने प्रेरित लेखकांनी कादंबरी हाती घेतली. १८५२ साली अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टोव यांची गुलामगिरीविरोधी कादंबरी पुस्तकरूपाने निघाली. त्याच वर्षी बंगालीत हॅना कॅथरीन मलेन्स यांची ‘फुलमणी ओ करुणा’ ही देशी ख्रिस्ती बायकांच्या घरसंसाराची गोष्ट आली. मराठीत जॉन बन्यनच्या रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ हे हरि केशवजी यांनी केलेले भाषांतर १८४१ मध्येच वाचकांपुढे आले होते. प्रवासाला निघालेले माणूस वाटेत पारखले जाते, हा साचा मराठीत तिथून रुजला असावा.

१८५७ मध्ये बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना नवरा विनायक याच्याबरोबर प्रवासाला निघते. गावोगावी तिला विधवा भेटतात आणि त्यांच्या कहाण्या ऐकता ऐकता वाचकाच्या डोळ्यांपुढे केशवपनाची, उपासाची, घरातल्या अत्याचाराची चित्रे उभी राहतात. पुढे विनायक मरतो आणि जे तिने ऐकले तेच तिच्या वाट्याला येते. शेवटी यमुना ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. म्हणजे कायद्याची शाई वाळते न वाळते तोच कादंबरी लोकांपुढे आली. तिची रचना सैल आहे, उपदेश जागोजागी डोके वर काढतो. तरी त्या विधवांच्या तोंडची बोली आजही अंगावर काटा आणते, आणि एका बाईचे दुःख हा कादंबरीचा विषय होऊ शकतो हे मराठीला पहिल्यांदा या पुस्तकाने दाखवले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात १८७५ मध्ये विधवांच्या पोटच्या मुलांना वाचवण्यासाठी बालहत्याप्रतिबंधक गृह निघाले. कादंबरीतला प्रश्न कल्पनेतला नव्हता, हे सांगायला ती एक इमारत पुरे.

पुढे १८९५ मध्ये दिनकर शंकर सावरकर यांची ‘सुभेदाराचा पुत्र’ ही कादंबरी आली.  याच सुमारास अहमदनगरला जन्मलेल्या कृपाबाई सत्यनादन (१८६२–१८९४) यांनी ‘सगुणा’ आणि ‘कमला’ लिहिल्या. त्या इंग्रजीत असल्या तरी त्यांतली माणसे, अंगणे आणि माजघरे आपलीच आहेत. धर्मांतरित माणसाचा वारसाहक्क शाबूत ठेवणारा १८५० चा कायदा आणि ख्रिस्ती झालेल्याला जोडीदाराने टाकले तर विवाह रद्द करू देणारा १८६६ चा कायदा ध्यानात घेतला, म्हणजे या पुस्तकांतले कलह किती व्यवहारी होते ते कळते. बाप्तिस्म्याबरोबर जमीन, बायको आणि पाणवठा यांचा सवाल उभा राहत असे.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन या धर्मप्रचारक संस्थेचे काम १८६० च्या दशकात सुरू झाले. मुलींसाठी वोरोनोको शाळा निघाली, चर्चभोवती ‘मंडळी’, म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय, जमली. १८४२ मध्ये नगरहून सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक या घरांतून वाचले जाई. पाळक (धर्मगुरू), साक्ष, उपासना, मंडळी हे शब्द सोलापुरी ख्रिस्ती घरात आजही रोजचे आहेत, आणि ‘साक्ष’ हा शब्द कथेच्या दृष्टीने फार मोलाचा. मंडळीपुढे उभे राहून आपण कसे होतो आणि देवाने कसे बदलले ते सांगायचे, हाच मराठी ख्रिस्ती कथेचा मूळ घाट. त्याचा धोकाही उघड आहे : साक्ष देणारा नेहमी सुटकेनंतर बोलतो, त्यामुळे दारू सुटते, नवरा परततो, गोष्ट संपते. ज्याची दारू सुटत नाही त्याच्या बायकोला साक्ष द्यायला उभे कोण करणार? तिची गोष्ट लिहायची तर लेखकाला घरी परतलेल्या उधळ्या पुत्राचा बायबलमधला दाखला बाजूला ठेवून, दोष नसताना दुःख सोसणाऱ्या ईयोबाच्या ग्रंथाकडे वळावे लागते. त्या ग्रंथात सांत्वनाला आलेले मित्रच दोष देतात, आणि देव शेवटी त्यांच्यावर रागावतो.

या शहराच्या इतिहासात अशा कथेला पुरतील इतके अवघड प्रसंग आहेत. १८७६–७८ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अनाथ मुले सांभाळली. ती मुले तिथेच वाढली, ख्रिस्ती झाली, आणि ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचला. भुकेल्याला भाकर देताना त्याच्या हातात शुभवर्तमानही (ख्रिस्ताची वार्ता) द्यावे का, हा प्रश्न श्रद्धावंताला टाळता येत नाही. प्रामाणिक लेखकाने तो दोन्ही बाजूंनी सोसला पाहिजे.

त्याहून जड प्रश्न सेटलमेंटचा. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमात कायद्यांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली वसाहत सोलापुरात होती. लोकांना हजेरी द्यावी लागे, बाहेर जायला परवाना लागे. त्यातले कितीतरी जण गिरण्यांत राबत. या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. शाळा, दवाखाना, धंदेशिक्षण मिळाले हे खरे, पण बंदिवानांना मुक्तीची वार्ता सांगणाऱ्यांच्याच हाती फाटकाची किल्ली होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या शिक्क्यातून मोकळ्या झाल्या. सोलापूरकर त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नांचे तोंड समाजाकडून मंडळीच्या आत वळले. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात ख्रिस्ती झालेल्या दलितांना जागा नाही. पुढे शिखांचा १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये समावेश झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून कित्येक घरांत रविवारी चर्चमधले नाव वेगळे आणि जातीच्या दाखल्यावरचे वेगळे. हे खोटे म्हणायचे की पोराच्या शिक्षणासाठी बापाने केलेला त्याग? उपदेशपीठावरून याचे उत्तर झटपट देता येते. कथेत बापाला रात्रभर जागवावे लागते. घटस्फोटाचेही तसेच. १८६९ च्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागासारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद जायला २००१ उजाडले. ‘देवाने जोडले ते माणसाने तोडू नये’ हे वचन मार खाणाऱ्या बाईला ऐकवणारी पिढी अजून हयात आहे.

भाषेचा एक मुद्दा राहतो. भाषांतरित बायबलची भारदस्त मराठी उपासनेत शोभते, कथेत ती पात्रांचा गळा आवळते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात विडी वळणारी बाई प्रार्थनेत ‘हे परमपवित्र पित्या’ म्हणेल, पण नवरा पगार पिऊन आला की ती ज्या बोलीत देवाला जाब विचारते, ती बोली कागदावर उतरली पाहिजे.