सोलापूर महानगरपालिका : सार्वजनिक सुरक्षा सेवांवरील समित्यांची देखरेख

सोलापूर शहरातील अग्निशमन, धोकादायक इमारती, आपत्कालीन मदत, पथदिवे व सिग्नल, यात्रा-जत्रांतील बंदोबस्ताची नागरी बाजू अशा सेवांवर महानगरपालिकेतील लोकनियुक्त सदस्यांनी समित्यांमार्फत ठेवायची देखरेख. महापालिकेच्या कायद्यात ‘सुरक्षा समिती’ नावाची वेगळी समिती नाही. हे काम स्थायी समिती, विशेष समित्या, प्रभाग समित्या आणि सर्वसाधारण सभा यांच्यात वाटले गेले आहे. यातली खरी किल्ली स्थायी समितीकडे असते, कारण तिजोरी तिच्या हातात असते.

शहराच्या सुरक्षेचा मोठा भाग, म्हणजे पोलीस, महापालिकेच्या कक्षेत येतच नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्याचा विषय आहे. सोलापूर शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, जोडभावी पेठ, सलगर वस्ती आणि एमआयडीसी ही त्याच्या अखत्यारीतली पोलीस ठाणी. पोलीस आयुक्त राज्याच्या गृहखात्याला उत्तर देतात, महापौरांना नाही. अमेरिकेतल्या अनेक शहरांत नगर परिषदेची सार्वजनिक सुरक्षा समिती पोलीसप्रमुखाला समोर बसवून जाब विचारू शकते; सोलापुरात तसे घडत नाही. सणावाराच्या आधी पोलीस शांतता समितीची बैठक घेतात, नगरसेवकांना बोलावतात, मंडळांच्या अध्यक्षांच्या शेजारी बसवतात आणि म्हणणे ऐकून घेतात. तिथे मतदान होत नाही की ठराव होत नाही. उलट बाजूने अतिक्रमण काढताना महापालिका पोलीस बंदोबस्त मागते आणि तो मिळेपर्यंत जेसीबी जागेवरच उभा राहतो.

महापालिकेकडे उरते ते मुख्यतः अग्निशमन. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी आहे आणि अग्निशमन सेवा त्यातला सातवा. त्याच्या कितीतरी आधी, १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने आग विझवणे आणि आगीपासून जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले होते (कलम ६३). म्हणजे अग्निशमन दल ठेवायचे की नाही, याला पर्याय नाही. ते किती मोठे ठेवायचे, बंब कधी बदलायचे, फायरमनची भरती करायची की ठेक्यावर भागवायचे, हे मात्र अंदाजपत्रकावर ठरते आणि तिथे समितीचा संबंध येतो.

पूर्वपीठिका

सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची, महानगरपालिका १ मे १९६४ पासूनची. कायदा-सुव्यवस्था आणि नगरपालिका यांचे नाते इथे एकदा फार विचित्र वळणावर गेले होते. ६ एप्रिल १९३० रोजी नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला आणि पुढच्याच महिन्यात ब्रिटिशांनी शहरात मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. तो इतिहास वेगळ्या नोंदीचा विषय आहे. इथे एवढेच लक्षात घ्यायचे की शहराच्या सुरक्षेचा लगाम लोकनियुक्त संस्थेकडे तेव्हाही नव्हता.

१९९२ च्या हद्दवाढीनंतर महापालिकेचे क्षेत्र सुमारे १७८ चौ. किमी झाले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९,५१,५५८ होती. जुन्या पेठांत बोळ इतके अरुंद की मोठा बंब आत वळत नाही, आणि हद्दवाढ भागात वस्त्या इतक्या पांगलेल्या की बंब पोचेपर्यंत वेळ निघून जातो. एकच दल दोन्ही टोकांना पुरवायचे, हा प्रश्न प्रत्येक अंदाजपत्रकी सभेत कोणी ना कोणी मांडतोच.

स्थायी समिती

स्थायी समितीत १६ सदस्य असतात, त्यांतले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात आणि सभापतीही वर्षासाठीच निवडला जातो. आठवड्याला एक सभा व्हावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. महापालिका आयुक्त अंदाजपत्रक आधी याच समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरबदल करते आणि मग ते सर्वसाधारण सभेकडे जाते. ठराविक रकमेपुढचे सगळे ठेके समितीच्या मंजुरीशिवाय होत नाहीत.

एक नवा अग्निशमन बंब घ्यायचा झाला तर कागद असा फिरतो. अग्निशमन विभाग मागणीची टिपणी तयार करतो, लेखा विभाग तरतूद शिल्लक आहे का ते पाहतो, ई-निविदा निघते, दर उघडतात आणि आयुक्तांच्या शिफारशीसह प्रस्ताव नगरसचिवांकडे, म्हणजे सभांचे कामकाज पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, येतो. नगरसचिव तो विषयपत्रिकेवर घेतात. सभेत कोणी तरी सूचक होतो, कोणी अनुमोदन देतो. आलेला दर अंदाजापेक्षा किती टक्के चढा आहे, ठेकेदार जुनाच का, आधी घेतलेल्या गाडीची देखभाल कोण करते, असे प्रश्न निघतात. मग विषय ‘एकमताने मंजूर’ होतो, ‘उपसूचनेसह मंजूर’ होतो किंवा ‘फेरसादर’ म्हणून परत जातो. फेरसादर हा समितीच्या हातातला सगळ्यात धारदार शेरा. नकार दिल्याचा बोल लागत नाही, पण प्रशासनाला पुन्हा तयारी करून यावे लागते. कधी यातून चांगली चौकशी होते, कधी नुसतीच दिरंगाई, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते.

स्थायी समितीच्या देखरेखीची मर्यादाही इथेच आहे. समितीपुढे खर्च येतो, कामगिरी येत नाही. बंब घेतल्यावर तो हाकेला किती मिनिटांत पोचला, किती वेळा पंप बंद पडला, हे पाहण्याची सक्ती कुठल्याच नियमात नाही. सदस्याने आवर्जून अहवाल मागितला तरच तो पटलावर येतो. आणीबाणीत तर क्रम उलटा होतो. अचानक दुर्घटना घडली किंवा घडण्याचा धोका असला तर आयुक्त मंजुरीची वाट न पाहता काम व खर्च करू शकतात (कलम ६७). काय केले आणि किती खर्च आला, याचा अहवाल त्यांनी नंतर समितीपुढे व सभेपुढे ठेवायचा असतो.

विशेष समित्या व प्रभाग समित्या

कलम ३० अन्वये महापालिका आपल्या सदस्यांतून विशेष समित्या नेमू शकते. सोलापुरात शहर सुधारणा, स्थापत्य, मंड्या व उद्यान, महिला व बालकल्याण अशा समित्या राहिल्या आहेत. कुठल्या समितीने कोणता विषय पाहायचा, हे सभा ठरावाने ठरवते. त्यामुळे सुरक्षेचे तुकडे होतात. इमारतीची भिंत एका समितीकडे, मंडईतल्या गाळ्यांचे वायरिंग दुसरीकडे, उद्यानातली तुटकी घसरगुंडी तिसरीकडे. या समित्यांचे ठराव बहुतेक वेळा शिफारशीच्या दर्जाचे असतात आणि सभेच्या मान्यतेशिवाय त्यांना फारसे वजन नसते. सभापतिपद मिळवण्यासाठी होणारी रस्सीखेच पाहता हे वजन बरेच जास्त असावे असे वाटते, ते सोडा.

प्रभाग समित्यांची तरतूद कलम २९-अ मध्ये आहे. प्रत्यक्षात नागरिकांचा संबंध येतो तो विभागीय कार्यालयाशी, म्हणजे बोलीतल्या झोनशी. पावसाळ्याच्या तोंडावर नालेसफाई आणि धोकादायक वाड्यांच्या नोटिसा ही त्या कार्यालयांची ठरलेली कामे. मोडकळीला आलेली इमारत दुरुस्त करण्याचा वा पाडण्याचा आदेश कलम २६४ खाली निघतो. नोटीस भिंतीवर डकवली जाते, मालक आणि भाडेकरू यांच्यात दावा चालू असतो, आणि वाडा पुढच्या पावसाळ्यालाही तसाच उभा असतो. नगरसेवकाची इथे कुचंबणा होते. नोटिसा का बजावल्या नाहीत असे सभेत विचारणारा सदस्य आपल्याच प्रभागातल्या भाडेकरूंना बाहेर काढू नका म्हणून झोनमध्ये रदबदली करायलाही जातो. भाडेकरूंना जायला दुसरी जागा नसते, त्यामुळे त्याला दोष देणेही कठीण.

सर्वसाधारण सभा

महिन्यातून किमान एक सभा घेणे बंधनकारक आहे. २०१७ च्या निवडणुकीत २६ प्रभागांतून १०२ नगरसेवक निवडून आले होते. सदस्य आगाऊ लेखी सूचना देऊन आयुक्तांना प्रश्न विचारू शकतो. तातडीचा विषयही मांडता येतो. एखादी दुर्घटना घडली की आधी श्रद्धांजली वाहून सभा तहकूब होते, आणि त्याच दुर्घटनेची चर्चा पुढच्या तारखेवर जाते. ही प्रथा सभ्यतेची खरी, पण विषय गरम असताना उत्तर मागण्याची संधी तिच्यापायी हुकते.

सभेकडे शेवटचे हत्यार आयुक्तांवरील अविश्वासाचे आहे. एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर शासनाला आयुक्त परत बोलवावे लागतात. १०२ च्या सभागृहात त्यासाठी ६४ मते लागतात.

अग्निसुरक्षा कायदा आणि समितीची हद्द

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ मध्ये झाला आणि डिसेंबर २००८ पासून अमलात आला. आग प्रतिबंधक यंत्रणा बसवण्याची व चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालक किंवा भोगवटादारावर टाकली. यंत्रणा सुस्थितीत असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करायचा असतो. तपासणी, नोटीस, प्रसंगी इमारत सील करणे हे अधिकार अग्निशमन अधिकाऱ्याचे. समितीला ना दाखला देता येतो, ना अडवता. ती फक्त विचारू शकते : किती इमारतींनी दाखले दिले, न देणाऱ्यांवर काय केले? हा प्रश्न दर जुलैनंतर विचारला गेला तरी देखरेखीचे अर्धे काम होईल.

सोलापुरात या कायद्याची कसोटी लागते ती यंत्रमागांवर. पूर्व भागात घर आणि कारखाना एका छताखाली असणे ही पिढ्यांची रीत आहे. खाली माग, वर कुटुंब, जिन्याखाली सुताचे गठ्ठे. चादर आणि टॉवेलच्या या धंद्यात हवेत रुईचे तंतू असतात, ते वायरिंगवर साचतात, आणि एक ठिणगी पुरते. वर चढलेली आग खाली उतरण्याची वाट बंद करते. घर म्हणून पाहिले तर कायद्याची कलमे सौम्य, कारखाना म्हणून पाहिले तर कारखाने निरीक्षकाचे राज्य खाते निराळे. एमआयडीसीच्या वसाहतीत भूखंड आणि बांधकाम परवानगी औद्योगिक विकास महामंडळाची, आणि आग लागली की धावायचे मात्र महापालिकेच्या बंबांनी.

१८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. कारखान्याच्या आवारातच राहणारे मालकाचे कुटुंबीय आणि कामगार मिळून ८ जण दगावले. बाहेरगावचे बंबही मागवावे लागले. या घटनेचा या नोंदीशी संबंध असा की त्या दिवशी सोलापूरला स्थायी समितीच नव्हती. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच, अहवाल द्यायचा तोही स्वतःलाच. चौकशी झाली ती शासकीय चौकटीत. सभागृहात उभे राहून दलाकडे किती माणसे होती, किती पाणी होते, असे विचारणारा सदस्य नव्हता. समित्यांच्या कारभारावर टीका करण्यासारखे पुष्कळ असते, पण त्या नसल्या म्हणजे काय होते याचा इतका ठळक दाखला शहराने आधी पाहिला नव्हता.

गड्डा यात्रा

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला सात नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आणि नंतर होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. त्याच मैदानावर गड्डा, म्हणजे पाळण्यांची आणि दुकानांची जत्रा, भरतो. जागा महापालिका, यात्रा समिती आणि जिल्हा प्रशासन यांच्या परवानग्यांच्या जाळ्यात, गर्दी पोलिसांच्या ताब्यात, तात्पुरत्या विजेची तपासणी विद्युत निरीक्षकाकडे, बंब महापालिकेचा. पाळण्यांच्या आणि दुकानांच्या ओळींतून आपत्कालीन रस्ता किती रुंद सोडायचा, यावरून पूर्वी प्रशासन आणि यात्रा समिती यांच्यात जाहीर वाद झाला आहे. एक दुकान कमी झाले तर उत्पन्न कमी होते, एक दुकान वाढले तर बंब अडतो. नगरसेवकांचे नातेसंबंध दोन्ही बाजूंना असल्याने महापालिकेच्या समित्या या वादात सहसा हलक्या पावलांनी चालतात.

कक्षेबाहेर गेलेली कामे

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर निवडले गेले. कामे करायला वेगळी कंपनी निघाली. तिच्या संचालक मंडळावर लोकप्रतिनिधी असतात, पण तिचे ठेके स्थायी समितीपुढे येत नाहीत. योजनेची कामे हस्तांतरित होऊन दुरुस्तीचे बिल आले म्हणजे समितीला ती प्रथम भेटतात.

आपत्ती व्यवस्थापनातही तीच गत. २००५ च्या कायद्याने जिल्हा प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दिले. २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेली मोठी शहरे यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची वाट मोकळी केली. त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. आदिला नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले की लोक मात्र फोन करतात नगरसेवकालाच.

१५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकेची निवडणूक झाली आणि जवळपास चार वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर समित्यांचा मार्ग खुला झाला. समित्यांनी काय ठरवले हे पाहायचे तर सभेचे इतिवृत्त हा एकमेव भरवशाचा कागद. नगरसचिव कार्यालयात ठरावाचा क्रमांक आणि तारीख सांगून प्रत मागावी, नाही मिळाली तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. मागताना ठरावासोबत अनुपालन अहवालही, म्हणजे ठरावावर पुढे काय झाले त्याचा कागद, मागावा. ठराव बहुतेक वेळा मिळतो, अडचण दुसऱ्या कागदाची असते.