उणे तेहतिसात तगलेलं झाड आणि मे महिन्यातली एक रात्र

२०१९ च्या मार्चमध्ये, अंगणात अजून गुडघाभर बर्फ असताना, मी आमच्या नासपतीची करंगळीएवढी फांदी कापली आणि चाकूने तिरका छेद घेतला. सालीखाली हिरवी रेघ दिसली. जीव आहे, असं वाटून बरं वाटलं. पण तिच्या आत, जिथे पांढरट लाकूड दिसायला हवं, तिथे चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी रंग होता. एप्रिलअखेर त्या झाडाने दोन-चार पानं काढली आणि जूनमध्ये मान टाकली.

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनेआपोलिसच्या एका उपनगरात राहतो. त्या वर्षी ३० जानेवारीच्या पहाटे इथे पारा उणे ३३ अंशांवर उतरला होता. गेलेलं झाड बार्टलेट जातीचं. ही युरोपीय नासपती, दुकानात मिळते तीच पिवळी, रसाळ. ती उणे २८-२९ पर्यंत कशीबशी निभावते. मात्र कुंपणापलीकडे, जेमतेम पंधरा पावलांवर, शेजाऱ्यांचं जुनं गोल्डन स्पाइस, नासपतीच्याच दुसऱ्या जातीचं झाड, उभं होतं. तीच रात्र, तीच हवा, तीच माती. मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी गच्च भरलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: या झाडाकडे असं काय आहे, जे माझ्या झाडाकडे नव्हतं?

झाडाला शरीराची ऊब नसते. बाहेर उणे ३३ असेल, तर फांदीच्या गाभ्यातही थोड्या वेळाने उणे ३३. त्यामुळे सगळा खेळ पाण्याचा आहे. पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक झाले, की पेशीपटल फाटतं आणि पेशी मरते. कणखर झाड पेशीतलं पाणी बाहेर येऊ देतं. साल आणि हिवाळी कळ्यांमध्ये बर्फ आधी पेशींच्या मधल्या फटींत तयार होतो, कारण तिथलं पाणी पातळ असतं. तो बर्फ पेशीतलं पाणी हळूहळू ओढून घेतो. आत उरतो तो आटवलेल्या पाकासारखा घट्ट रस, आणि पाक सहजी गोठत नाही. पेशी सुरकुतते, पण जगते.

लाकडाची रीत मात्र वेगळी, आणि मला ती फार विलक्षण वाटते. लाकडातल्या जिवंत पेशींच्या भिंती इतक्या घट्ट असतात, की आतलं पाणी चटकन बाहेर जात नाही आणि बाहेरचा बर्फ आत शिरत नाही. अशा कोंडलेल्या, कण नसलेल्या पाण्याला स्फटिक धरायला आधारच मिळत नाही. ते शून्याखाली कितीतरी अंश द्रवच राहतं. याला अतिशीतन म्हणतात. शुद्ध पाणी असं साधारण उणे ३८ पर्यंत टिकतं. रसात साखर विरघळलेली असते, म्हणून झाडात ही मर्यादा उणे ४० च्या आसपास जाते. त्याखाली गेलं, की मग काहीही आधार नसताना पाणी एका क्षणात गोठतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी फांदीच्या तुकड्यांना बारीक तापमापक तारा जोडून ते थंड करत नेले. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे उतरत्या आलेखात मध्येच एक छोटी उसळी दिसते. ती उसळी म्हणजे लाकूड मेल्याची नोंद. पानगळीच्या अनेक वृक्षांची उत्तरेकडची हद्द नकाशावर याच उणे ४० च्या रेषेला लागून जाते, हेही तेव्हाच ध्यानात आलं. माझ्या फांदीतला तपकिरी रंग हीच गोठून मेलेली लाकडातली पेशी होती. सालीने तग धरला, लाकडाने नाही.

मग बार्टलेट उणे ३३ लाच का गेलं? कारण ही हद्द प्रत्येक जातीची वेगळी असते. शिवाय एकाच झाडाची ती महिन्यागणिक बदलते. शेजाऱ्यांचं जे गोल्डन स्पाइस जानेवारीत उणे ३३ झेलतं, तेच जुलैमध्ये उणे पाचात मरेल. कणखरपणा झाडाच्या अंगावर बारा महिने चढवलेला नसतो. तो दर वर्षी कमवावा लागतो, आणि वेळेवर.

उन्हाळा सरू लागतो, रात्री गार होऊ लागतात आणि ते झाडाला कळतं. झाड शेंड्याची वाढ थांबवतं, टोकाला कळी मिटून घेतं. ही पहिली पायरी. मग ऑक्टोबरमधल्या हलक्या हिमरात्री दुसरी पायरी सुरू करतात. साठवलेल्या पिठूळ स्टार्चची साखर होते, पेशीपटलातल्या मेदाची ठेवण बदलते, कोरडेपणात पेशी सांभाळणारी प्रथिनं तयार होतात. या सगळ्याला कित्येक आठवडे लागतात. ज्या जातीला थांबायचं उशिरा सुचतं, ती अर्धवट तयारीने डिसेंबरात शिरते. नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांना झाडाची ही हिवाळी झोप ओळखीची आहे, उलट्या बाजूने. तिथे पुरेशी थंडी नसते, म्हणून ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळे फुटावेत यासाठी काडीला औषध लावावं लागतं. इथे झाडाला उठवण्याची चिंता नसते. ते वेळेवर झोपलं का आणि लवकर तर उठलं नाही ना, ही चिंता असते.

वेळेवर झोपणाऱ्या नासपतीचं मूळ घर म्हणजे ईशान्य चीन, कोरिया आणि रशियाचा अतिपूर्व भाग. उसुरी नदीच्या नावावरून तिला उसुरी नासपती म्हणतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल माक्सिमोविच यांनी १८५० च्या दशकात आमूर-उसुरी खोऱ्यात भटकंती केली आणि तिचं शास्त्रीय वर्णन केलं. नासपतीच्या साऱ्या प्रजातींत थंडी सोसण्यात हिचा हात धरणारी दुसरी नाही. फळ मात्र लहान, आंबटतुरट आणि कचकचीत. म्हणून गेली शंभरेक वर्षं संकरकारांचा एकच ध्यास आहे: हिची झोप आणि युरोपीय नासपतीचा रस एका झाडात आणायचा. रशियातल्या कोझ्लोव गावात इव्हान मिचुरिन यांनी उसुरी नासपतीच्या रोपाचा फ्रेंच जातीशी संकर करून हिवाळी 'बेरे' ही जात काढली. खाबारोव्स्कला लुकाशोव यांनी काढलेल्या जातींची नावं त्योमा, पोल्या, लीदा, ओल्गा, व्नुच्का अशी आहेत. व्नुच्का म्हणजे नात. घरातल्यांना हाक मारावी तशी ही नावं मला फार आवडतात. त्यांतल्याच ओल्गापासून पुढे मॉस्कोच्या तिमिर्याझेव अकादमीत लादा आणि चिझोवस्काया या जाती तयार झाल्या, आणि आज मध्य रशियातल्या घरच्या बागांत त्या सर्रास दिसतात.

अमेरिकेच्या या थंड पट्ट्यातही वाट रशियावरूनच आली. आयोवाचे प्राध्यापक जोसेफ बड आणि क्वेबेकचे चार्ल्स गिब १८८२ मध्ये कणखर फळझाडं शोधत रशियाभर फिरले. तिकडून आलेल्या 'ओरेल १५' नासपतीचा आँजू जातीशी संकर होऊन १९२२ मध्ये 'पॅटन' आली. मिनेसोटा विद्यापीठाने मांचुरियाच्या, म्हणजे ईशान्य चीनच्या, वाणापासून १९३४ मध्ये 'पार्कर' काढली आणि १९४९ मध्ये 'गोल्डन स्पाइस' दिली. 'समरक्रिस्प' आली १९८५ मध्ये. बार्टलेट गेल्यावर त्याच वर्षी मी पार्कर आणि समरक्रिस्प लावली. दोन जाती लावणं हौसेचं नव्हतं. नासपतीचं फूल स्वतःच्या जातीचे पराग नाकारतं. परागनलिका स्त्रीकेसरातून खाली उतरायला लागली, की फूल ते ओळखून तिची वाढ मध्येच रोखतं. जवळपास दुसरी जात हवीच. मधमाश्यांनाही हे फूल फारसं ओढत नाही, कारण मधुरसात साखर कमी. वासही सुकटीच्या जवळ जाणारा. त्यामुळे फुलोऱ्याच्या आठवड्यात दुपार उबदार आणि विनावाऱ्याची मिळणं महत्त्वाचं.

आणि आता ती मे महिन्यातली रात्र. दोन्ही झाडं पहिल्यांदाच भरभरून फुलली होती. संध्याकाळी आकाश निरभ्र, वारा पडलेला. पहाटे अंगणात उणे चार. सकाळी फुलं जशीच्या तशी पांढरीशुभ्र दिसत होती, म्हणून मी निश्चिंत झाले. दुपारी एक फूल नखाने मधोमध चिरलं. पाकळ्या ताज्या, पण मधला अंडाशय काळा. दुसरं फूल, काळा. शेजाऱ्यांच्या गोल्डन स्पाइसचंही तेच. उणे ३३ हसत झेललेल्या झाडाचं वर्षाचं पीक उणे चारात गेलं. पूर्ण उमललेल्या नासपतीच्या फुलांपैकी उणे २.२ अंशांत साधारण दहा टक्के मरतात, उणे ४.४ अंशांत नव्वद टक्के. उसुरी रक्ताच्या जातींना तर हा धोका जास्तच. त्यांच्या मूळ गावी हिवाळा एकदा सरला, की सरला. थोडी ऊब मिळताच त्या उठतात. मिनेसोटाचा वसंत मात्र उठवून पुन्हा थोबाडीत मारतो. 'हिमसहिष्णू' हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गुणांसाठी वापरतो, आणि रोप घेताना फसतो ते इथेच. लेबलवरचा आकडा जानेवारीच्या फांदीचा असतो, मेच्या फुलाचा नसतो.

तेव्हापासून मी फुलोऱ्यात हवामानाचा अंदाज रोज पाहते. निरभ्र, निवांत रात्र सांगितली असेल, तर दुपारी आळ्यात भरपूर पाणी देते, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते. संध्याकाळी झाडांवर जुन्या चादरी जमिनीपर्यंत सोडते आणि आत जुन्या, तारेच्या दिव्यांची नाताळची माळ लावते. नव्या एलईडी माळेचा उपयोग नाही, ती पुरेशी तापतच नाही. झाड माणसाच्या उंचीचं आहे तोवरच हे जमतं. म्हणून मी दर मार्चमध्ये शेंडा छाटून ते बुटकं ठेवते. जागाही विचार करून निवडायला हवी. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट जागी साचते. अंगणाच्या तळाला नासपती लावू नये, चढावर लावावी.

हिवाळ्याची कामं त्या मानाने सोपी आहेत, पण चुकवून चालत नाहीत. जुलैनंतर नत्राचं खत अजिबात नाही, नाहीतर झाड कोवळे धुमारे काढत बसतं. कलमाचा खुंट कोणता, हे विचारून घ्यावं. क्विन्स या नासपतीच्या नात्यातल्या फळझाडावरचं कलम इथे नको, कारण क्विन्सची मुळं गोठलेल्या मातीत वरच्या लाकडाच्या कितीतरी आधी मरतात. जमीन गोठण्याआधी खोलवर पाणी आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन द्यायचं, पण ते खोडाला चिकटवायचं नाही. वर हातभर बर्फ पडला, की मुळांची काळजी मिटते. बर्फासारखी गोधडी नाही. फेब्रुवारीत खोडाच्या नैर्ऋत्य बाजूवर दुपारचं ऊन पडतं, साल तापून जागी होते आणि सूर्य बुडताच गोठून उभी चिरते. त्यावर पांढरा रंग किंवा पांढरं वेष्टण हाच उपाय. आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना चुना लावतात तसाच. सशांसाठी जाळी लावताना मी पहिल्या वर्षी ती गुडघाभर उंच केली. ससा बर्फावर उभा राहून जाळीच्या वरची साल खाऊन गेला. बर्फाची उंची धरून मग जाळी मोजावी.

समरक्रिस्प ऑगस्टच्या मध्यात, हिरवट आणि कडक असतानाच तोडून सफरचंदासारखी कचाकचा खायची. झाडावर पिकू दिली, तर गाभा आतून सडतो. पार्करचं तंत्र वेगळं. माझी आई सांगलीहून आली होती, तिला मी ती कडक फळं दाखवली. तिने ती सरळ तांदळाच्या डब्यात घातली आणि म्हणाली, "अगं, ही आढी घालायची फळं आहेत. आणि पोटाला दाबून बघू नकोस, देठापाशी बघ." नासपती न पिकवताही तिचं बरोबर होतं. नासपती आतून बाहेर पिकते. पोट मऊ लागेपर्यंत गाभ्याचा लगदा झालेला असतो. देठाजवळ मऊपणा जाणवला, की फळ तयार. खाताना दाताखाली जी बारीक कचकच येते, ती पाषाणपेशींची. त्यांच्या भिंती लिग्निनने दगडासारख्या कडक झालेल्या असतात. पेरूतही याच पेशी असतात. योगायोग असा, की नासपतीला पोर्तुगीज लोक 'पेरा' म्हणतात. त्यांनी तेच नाव पेरूला दिलं, गोव्यात त्याचं 'पेर' झालं आणि आपल्याकडे 'पेरू'.

शेजारीणबाई दर वर्षी बादलीभर गोल्डन स्पाइस देतात. लहान, आंबट, मसाल्याच्या वासाची फळं. मी बरीचशी साखरेत शिजवते, पण काही आता तशीच गोठवते, ईशान्य चीनच्या पद्धतीने. तिथे उसुरी नासपती हिवाळ्यात बाहेरच ठेवतात. फळ दगडासारखं गोठतं आणि काळं पडतं, कारण फुटलेल्या पेशींतली द्रव्यं एकमेकांत मिसळतात. खायच्या आधी ते गार पाण्याच्या वाडग्यात सोडायचं. फळ शून्याच्या कितीतरी खाली असतं, ते भोवतालच्या पाण्यातून उष्णता ओढून घेतं. थोड्या वेळात त्याच्याभोवती काचेसारखं बर्फाचं कवच तयार होतं आणि आतलं फळ मऊ होतं. चमच्याच्या एका टिचकीने कवच फोडायचं, सालीला छोटं भोक पाडायचं आणि आतला गोड झालेला रस चोखून घ्यायचा, चोखायच्या आंब्यासारखा.