मॅगझिन-क्षमता आणि गृहसंरक्षण

मॅगझिन-क्षमता : बंदुकीच्या किंवा पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे साठवणाऱ्या कोठीत, एका वेळी मावणाऱ्या काडतुसांची संख्या. घरात शिरलेल्या घुसखोराविरुद्ध बचाव करताना ही संख्या किती असावी आणि कायद्याने तिला मर्यादा घालावी काय, हा वाद प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतला आहे. तेथे घरात शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा घटनादत्त हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात मान्य केले. त्यामुळे वाद शस्त्रावरून सरकून त्याच्या एका भागावर आला आहे.

रचना : पेटी-मॅगझिनमध्ये तळाशी स्प्रिंग असते. ती वरच्या काडतुसांना सतत दाबून धरते आणि प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस नळीच्या मुळाशी असलेल्या कक्षासमोर आणते. काडतुसे एकाच रांगेत ठेवली, तर क्षमता मुठीच्या उंचीवर ठरते. १९११ सालच्या कोल्ट पिस्तुलात ती ७ आहे. रांगा दोन करून काडतुसे एकाआड एक बसवली, तर मूठ थोडी जाड होते, पण क्षमता जवळपास दुप्पट होते. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये ती १३ होती. मूळ रचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या द्यूदोने सैव्ह यांनी ते पिस्तूल पूर्णत्वास नेले आणि दुहेरी रांगेच्या मॅगझिनचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. बेरेटा ९२ मध्ये १५ आणि १९८० च्या दशकारंभीच्या ग्लॉक १७ मध्ये १७ काडतुसे मावतात. आजच्या पूर्ण आकाराच्या ९ मिमी. पिस्तुलाची १५ ते १७ ही क्षमता माणसाच्या पंजाच्या आणि काडतुसाच्या मापातून आलेली आहे. अनेक राज्यांच्या कायद्यांनी मर्यादा म्हणून घातलेला १० हा आकडा तसा यंत्ररचनेतून आलेला नाही, हे पुढील विवेचनात ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कक्षात आधीच एक काडतूस भरलेले असल्यास एकूण संख्या एकाने वाढते. मॅगझिन काढून घेतले तरी हे काडतूस आतच राहते आणि बहुतेक आधुनिक पिस्तुले अशा स्थितीतही चाप ओढताच उडतात. घरगुती अपघातांचे हे एक जुने आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये मॅगझिन नसताना चाप निकामी करणारी योजना होती, पण ती सर्वत्र रुजली नाही. तीस-तेहतीस काडतुसांची लांब मॅगझिने आणि शंभर काडतुसांची ढोल-मॅगझिने आकड्याने मोठी असली, तरी अडकण्याचा धोका त्यांत अधिक मानला जातो. २०१२ साली कोलोराडोतील ऑरोरा येथील चित्रपटगृहात झालेल्या हत्याकांडात मारेकऱ्याचे ढोल-मॅगझिन असेच अडकले होते.

उगम : पहिली अनेक-बारी बंदूक कोणती, याविषयी एकमत नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास काल्टहोफ घराण्याच्या कारागिरांनी बनवलेल्या बंदुका डेन्मार्कच्या राजरक्षकांकडे होत्या. फ्लॉरेन्सच्या लोरेन्झोनीची रचना त्याच शतकाच्या उत्तरार्धातली. या दोहोंत दारू आणि गोळ्या वेगवेगळ्या कोठ्यांत असत, काडतूस नव्हते. म्हणून त्यांना मॅगझिनच्या बंदुका म्हणणे काहीसे सैल ठरते. टिरोलच्या गिरांडोनीची हवेवर चालणारी रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारली. तिच्या नळीशेजारच्या मॅगझिनमध्ये वीस ते बावीस गोळ्या राहत. मात्र दस्त्यातील हवेची टाकी पंपाने भरायला फार वेळ लागे आणि ती नाजूकही होती.

अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घेणाऱ्या लुइस व क्लार्क यांच्या १८०३–०६ च्या मोहिमेत एक हवाई बंदूक होती, एवढे निश्चित आहे. ती फिलाडेल्फियाच्या ल्यूकन्सने बनवलेली एकबारी बंदूक असावी, असे दीर्घकाळ मानले जाई. टॉमस रॉडनी यांच्या १८०३ च्या रोजनिशीत ती एका भरणीत बावीस वेळा उडत असल्याचा उल्लेख आहे. त्यामुळे ती गिरांडोनी असल्याचे मत आता अधिक ग्राह्य वाटते. हा तपशील केवळ संग्रहालयांच्या आस्थेचा राहिलेला नाही. २०२२ च्या ब्रुएन निकालात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रनिर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळले पाहिजेत, अशी कसोटी घातली. तेव्हापासून एकेका जुन्या बंदुकीचे वय न्यायालयात मोजले जाते. मोठ्या क्षमतेचे समर्थक गिरांडोनीचा दाखला देतात. विरोधक ती दुर्मीळ, महाग आणि सामान्य घरात नसलेली होती हे दाखवून देतात. उपलब्ध पुरावा पाहता दुसरी बाजू अधिक भक्कम दिसते. अठराव्या शतकातील अमेरिकी घरात असे ती ठासणीची बंदूक, आणि कसलेल्या हातांनाही तिचे मिनिटाला दोन-तीनच बार काढता येत.

सामान्य माणसाच्या हाती जादा क्षमता आली ती धातूच्या काडतुसामुळे. १८६० च्या सुमारास दस्त्यात ७ काडतुसे ठेवणारी स्पेन्सर आणि नळीखालच्या नळकांड्यात सुमारे १५ ते १६ ठेवणारी हेन्री रायफल आली. हेन्रीतूनच विंचेस्टर बंदुका निघाल्या. सुट्या पेटी-मॅगझिनचे एकस्व १८७९ साली जेम्स पॅरिस ली यांना मिळाले. भारतीय पोलिसांच्या हाती वर्षानुवर्षे दिसलेली दहा काडतुसांची .३०३ रायफल याच लीच्या रचनेतून आली.

कायदा : १९२७ साली मिशिगन व ऱ्होड आयलंड राज्यांनी पुन्हा न भरता अनुक्रमे सोळा आणि बारांहून अधिक बार काढणाऱ्या शस्त्रांवर बंदी घातली. १९३५ पासून बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसे असावीत, असा संघराज्याचा नियम आहे. माणसांच्या रक्षणासाठी तशी मर्यादा संघराज्याने घातली ती पक्ष्यांनंतर सुमारे साठ वर्षांनी, १९९४ मध्ये. दहांहून अधिक काडतुसांची नवी मॅगझिने नागरिकांना विकण्यास तेव्हा मनाई झाली. जुनी मॅगझिने वैधच राहिल्याने त्यांची खरेदी-विक्री चालू राहिली. कायदा दहा वर्षांची मुदत संपून २००४ मध्ये मावळला. त्याआधी १९८९ मध्ये बंदूक-उत्पादक विल्यम रूगर यांनी संसदेला पंधराची मर्यादा सुचवली होती.

आज हा विषय राज्यांकडे आहे आणि आकडे एकसारखे नाहीत. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कनेक्टिकट, मेरिलंड आदींत १०, कोलोराडोत १५, डेलावेअरमध्ये १७. इलिनॉयमध्ये लांब बंदुकीला १० व पिस्तुलाला १५. मराठी कुटुंबांच्या मोठ्या वस्त्या असलेल्या कॅलिफोर्नियातील बे एरिया आणि न्यू जर्सीत मर्यादा दहाचीच आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात राज्याची अशी मर्यादा नाही. तेथे वैध असलेले मॅगझिन डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत आणले की गुन्हा घडतो. न्यू यॉर्कने २०१३ मध्ये दहाच्या मॅगझिनमध्येही सातच काडतुसे भरावीत असे ठरवले होते. ते कलम न्यायालयात टिकले नाही.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यावरील डंकन खटला सर्वांत लांबला. २०१९ मध्ये न्यायाधीश बेनिटेझ यांनी कायदा रद्द ठरवला आणि आदेशाला स्थगिती मिळेपर्यंतच्या काही दिवसांत मोठी मॅगझिने पुन्हा खुलेपणाने विकली गेली. अपील न्यायालयाच्या वरिष्ठ पीठाने २०२१ मध्ये हा निर्णय फिरवला. ब्रुएननंतर सारे पुन्हा पहिल्यापासून झाले, आणि मार्च २०२५ मध्ये त्याच अपील न्यायालयाच्या, म्हणजे नवव्या सर्किटच्या, पीठाने ७ विरुद्ध ४ मतांनी कायदा कायम केला. मोठे मॅगझिन हे ‘शस्त्र’ नसून पूरक साधन आहे, असे बहुमताने म्हटले. हा युक्तिवाद पूर्णपणे पटणारा नाही, कारण पेटी-मॅगझिनच्या पिस्तुलाला मॅगझिन वगळून फारसा अर्थ उरत नाही. त्याच निकालातला दुसरा आधार, म्हणजे विशेष धोकादायक वापर रोखण्याची जुनी परंपरा, अधिक सबळ आहे.

गृहसंरक्षणातील गरज : येथे पुरावा विरळ आहे. मर्यादेच्या बाजूने न्यायालयांत मांडलेल्या एका विश्लेषणात, नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेनेच संकलित केलेल्या स्वसंरक्षणाच्या वृत्तांत सरासरी दोनच्या आसपास बार झाल्याचे आणि दहांहून अधिक बार जवळपास कधीच न झाल्याचे दिसले. ही निवडलेली वृत्ते प्रातिनिधिक नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तितकाच व्यापक प्रतिपुरावा मर्यादेच्या विरोधकांनीही दिलेला नाही. त्यांचा भर पोलिसांच्या अनुभवावर असतो. १९९८ ते २००६ या काळातील न्यू यॉर्क पोलिसांच्या नोंदींनुसार, समोरून गोळीबार होत असताना त्यांच्या दर शंभर गोळ्यांपैकी सुमारे अठराच लक्ष्यावर बसल्या. प्रशिक्षितांची ही गत, तर मध्यरात्री झोपेतून उठलेल्या माणसाला दहा गोळ्या पुरतील काय आणि त्याच्याकडे जादा मॅगझिन कोठून असणार, असे ते विचारतात. उलट बाजूला २०११ च्या ॲरिझोनातील टूसॉन येथील गोळीबाराचा दाखला असतो. तेथे ३३ काडतुसांचे मॅगझिन संपून मारेकरी दुसरे भरू लागला, तेव्हाच लोकांनी त्याला खाली पाडले.

अठरा टक्क्यांच्या या आकड्याची दुसरी बाजू क्वचितच चर्चिली जाते. अमेरिकी घरांच्या आतील भिंती बहुधा लाकडी चौकटीवरच्या जिप्सम फळ्यांच्या असतात. पिस्तुलाची गोळी आणि बारा बोअरचा मोठा छर्रा, दोन्ही त्यांतून सहज पार होतात. चुकलेली प्रत्येक गोळी मुलांच्या खोलीत किंवा शेजारी जाऊ शकते. म्हणून घरासाठी किती गोळ्या हव्यात, याचा विचार करताना चुकलेल्या गोळ्या कोठे जातील हे आधी पाहिले पाहिजे, असे या नोंदीचे मत आहे.

अन्य देश : ब्रिटनमध्ये गृहसंरक्षण हे पिस्तूल बाळगण्याचे ग्राह्य कारणच नाही. कॅनडात पिस्तुलाला १० आणि बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींना ५ ची मर्यादा आहे. भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये मॅगझिनचा उल्लेख येतो तो स्वयंचलित शस्त्राच्या व्याख्येत : चाप दाबून धरला असता मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहणारे शस्त्र निषिद्ध ठरते. ९ मिमी. बोअर सामान्य परवानाधारकास मिळत नाही; त्याच्याकडे बहुधा .३२ चे सहाबारी रिव्हॉल्वर किंवा बारा बोअरची दुनळी असते. सूर्यास्तानंतरच्या घरफोडीविरुद्ध खाजगी संरक्षणाचा हक्क प्राण घेण्यापर्यंत जाऊ शकतो, ही भारतीय दंड संहितेच्या कलम १०३ मधील तरतूद भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ४१ मध्ये कायम आहे.