पुण्याचे विषाणू केंद्र: नमुने कोणाचे, देखरेख कोणाची

१९५२ साली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले. पाच वर्षांतच त्याची कसोटी लागली. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, भोवतालच्या गावांतली माणसेही तापाने दगावली. पहिली शंका पीतज्वराची (यलो फीव्हरची) होती. ती खरी ठरली असती तर अनर्थ होता, कारण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे घरोघरी आहे, विषाणू मात्र नाही. पुण्याच्या पथकाला सापडला तो वेगळाच विषाणू: गोचिडांतून पसरणारा, रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूंशी नाते सांगणारा.

हे नातेच पुढे संशयाला कारण झाले. गोचिडी स्थलांतरित पक्ष्यांवरून येतात का, हे पाहायला सलीम अलींच्या नेतृत्वाखाली बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने) पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घातली. त्या कामाला पुढे अमेरिकी लष्कराचा पैसा मिळाला. दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा, म्हणजे नर डास वांझ करून त्यांची पैदास रोखण्याचा, प्रकल्प चालला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांच्या या प्रकल्पालाही पैसा अमेरिकेचाच. १९७४ मध्ये वर्तमानपत्रांत जैविक युद्धाच्या तयारीचे आरोप झाले, १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने कडक ताशेरे ओढले. सोनीपतला एडिस डास सोडण्याचा बेत रद्द झाला आणि प्रकल्प गुंडाळला गेला.

युद्धतयारीचा आरोप मला पटत नाही. ते संशोधक डास आटोक्यात आणायला झटत होते. पण आपल्या भूमीतले नमुने आणि माहिती कोणाकडे जाते, हे संसदेने विचारायलाच हवे होते.

पुण्याचे केंद्र १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आपली एनआयव्ही, झाले. २००१ मध्ये सिलिगुडीत ६६ जणांना झालेला आजार निपाह या घातक विषाणूचा होता, हे मात्र अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या सहभागाने जुने नमुने पुन्हा तपासल्यावर कळले आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये पुण्यात बीएसएल-४, म्हणजे सर्वांत घातक जंतूंसाठीची सर्वोच्च सुरक्षेची, प्रयोगशाळा उभी राहिली. २०१८ मध्ये केरळात निपाह आला तेव्हा त्याची खातरजमा पुण्यातच, काही दिवसांत झाली.

नियम मात्र विखुरलेलेच राहिले. जनुकीय बदल केलेल्या जीवांसाठी १९८९ चे नियम, जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा २००५ चा कायदा. घातक जंतूंवरच्या सगळ्या संशोधनावर देखरेख ठेवणारा एकच स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि तो व्हायला हवा.