मागच्या चिमट्यातले मिलिमीटर

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालं की जुन्या रेसिंग सायकलचं दुखणं कळतं. पुढे ५२-४२ दात्यांची जोडी, मागे सर्वांत मोठं चक्र जेमतेम २४ दात्यांचं. ४२-२४ वर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ३.७ मीटर पुढे जाते. आजच्या ३४-३४ वर साधारण २.१ मीटर. सांगली-मिरजेच्या सपाटीवर हा फरक जाणवत नाही, घाटात मात्र गुडघे बोलायला लागतात.

मग मोठ्या चक्रांची आजची मागची चाकं जुन्या सायकलला सरळ का बसत नाहीत? मागे पाच चक्रं होती तेव्हा चिमट्यात, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन टोकांमध्ये, १२० मिलिमीटर जागा असे. सहा-सात चक्रांसाठी ती १२६ झाली, आठांसाठी १३०. पुढे नऊ, दहा, अकरा चक्रं आली तरी रिम ब्रेकच्या सायकलींत जागा १३० वरच राहिली, कारण चक्रं आणि चेन पातळ होत गेली. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर मात्र आजही तेच, अर्धा इंच.

खरी सुधारणा हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात झाली. जुनं फ्रीव्हील, म्हणजे चक्रं आणि पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारी यंत्रणा यांचा एकत्र गड्डा, हबवर आट्यांनी बसायचं. त्यामुळे उजवीकडचं बेअरिंग आत राहायचं, चक्रं वाढली की एक्सलचं टोक आधाराविना लांबायचं आणि खड्ड्यात वाकायचं. जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ मध्ये ती यंत्रणा हबचाच भाग असलेला फ्रीहब आणून ते बेअरिंग बाहेर, टोकाजवळ नेलं. आपल्या रस्त्यांसाठी मला हाच बदल सर्वांत मोलाचा वाटतो. १९८४ मध्ये शिमानोच्याच ड्युरा-एस या रेसिंग भागांच्या संचात खटक्याने बदलणारे गिअर आले. त्याआधीच्या, खटका नसलेल्या लिव्हरचा एक फायदा आहे: त्या नव्या कॅसेटवरही, म्हणजे फ्रीहबवर चढणाऱ्या चक्रांच्या संचावरही चालवता येतात.

१२६ च्या स्टील फ्रेममध्ये १३० चं चाक बसवायला दोन्ही बाजू दोन-दोन मिलिमीटरच उघडाव्या लागतात. १२० ची फ्रेम मात्र जाणत्या कारागिराकडूनच फाकवून घ्यावी. पुढच्या नळीपासून मागच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी ताणायची आणि सीटच्या नळीपासून तिचं अंतर दोन्हीकडे सारखं भरतं का ते पाहायचं. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीही करू नये, ती तडकते.

जुनं चाक २७ इंची असेल तर ब्रेकही तपासावा. त्याची रिम ६३० मिलिमीटरची, आजच्या ७००-सी मापाच्या चाकाची ६२२. म्हणजे ब्रेकचे गुटके चार मिलिमीटर खाली सरकायला हवेत.