गाडीखालचा ‘टक्’

गेल्या पावसाळ्यात भाचीसोबत तुर्भ्याला जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी, जीप विकत घ्यायला बघायला गेलो होतो. रंग ताजा, मागचे दोन टायर कोरे, इंजिन पहिल्याच चावीला चालू. मी चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलला टाकली आणि सरळ खाली शिरलो.

पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या एक्सलकडे ताकद नेणारा दांडा, धरून हाताने मागेपुढे फिरवला. थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, असणारच. गिअरच्या दातांत तेलासाठी फट मुद्दाम ठेवलेली असते. पण क्रॉसपाशी, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटपाशी, एक बाजू आधी हलली, मग ‘टक्’ करून दुसरी. क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस भुकटी होती. टोपीत सुईसारख्या बारीक रोलरचं बेअरिंग असतं. ग्रीस संपलं की लोखंड लोखंडावर घासतं आणि त्याचा गंज असा बाहेर येतो.

“मामा, क्रॉस बदलला की झालं ना?”

क्रॉस बदलता येतो. तो झिजला कशाने, हे कळायला हवं. ग्रीसकडे दुर्लक्ष हे एक कारण. दुसरं जास्त महाग पडणारं. मधला डिफरन्शियल, म्हणजे दोन एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नसलेल्या गाडीत फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळणावर मात्र पुढची चाकं मोठ्या वर्तुळात जातात. दोन एक्सलमध्ये २.४ मीटर अंतर आणि मागच्या एक्सलचं वर्तुळ ४ मीटर त्रिज्येचं धरलं, तर काटकोनात वळताना पुढची बाजू जवळजवळ १ मीटर जास्त धावते. चिखलात चाकं घसरून तो फरक मिटतो. पाम बीच रोडच्या कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, मग सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर, बसतो. दोनच टायर कोरे असले तर घेरातल्या फरकामुळे सरळ रस्त्यावरही तेच होतं.

म्हणून फोर-व्हीलची ट्रायल मोकळ्या मातीवरच घ्यावी. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढून कटकट आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा, गेलेला. फोर-लोमध्ये, म्हणजे फोर-व्हीलच्या हळू पण जास्त जोराच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडल्यावर लिव्हर आपोआप गिअरमधून सुटला तर झीज ट्रान्सफर केसमध्ये आहे.

आमच्याकडे पाणी तुंबतं, त्यामुळे एक्सलमधल्या डिफरन्शियलचं तेल मी बघतोच. तापलेलं हाउसिंग पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची वाट, चोंदलेला असला तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं की समजायचं.

तेल बघायला तेवढा एक प्लग उघडू द्या, म्हटलं. विकणारा तयार होईना. आम्ही दगड काढून बाजूला ठेवले आणि स्टेशनची रिक्षा पकडली.